वास न येणारा रंग

"एका ओळीत सगळ्यांचे ढेकूण चव्हाट्यावर आणलेस तू! एका ओळीत!" आई म्हणाली आणि हातातला ब्रश तिने टेबलावर असा आपटला की मामाचा कप बशीतल्या बशीत नाचला.

"आणि सकाळपासून फोन कोण घेतंय?" मामा म्हणाला. "मी घेतोय. कान भाजला माझा. मी तर म्हणतो, अशी ओळ त्याने रोज आणावी."

"तुझा कान भाजला म्हणून तिकडे मावशींचं घर रिकामं होऊ दे?"

"मी नाव घातलं नव्हतं!" काडी ओरडला. "नाव नको म्हणाल्या, नाही घातलं. पत्ता नाही, फोटो नाही, काही नाही. मग माझं चुकलं काय, ते तरी सांग."

"सगळंच."

"सगळंच म्हणजे काय? हे काय उत्तर झालं?"

"ओरडू नकोस."

"मी ओरडत नाहीये!" काडी एवढ्या जोरात म्हणाला की खिडकीत पेंगणारं मांजर उठून निघून गेलं.

त्याला काडी म्हणायचे ते एक तर अंगकाठीमुळे, आणि दुसरं म्हणजे जरा घासलं की पेटायचा म्हणून. शाळेतही असाच एका सरांसमोर पेटला, दप्तर बाकावरच टाकून घरी आला आणि पुन्हा गेलाच नाही. आईने आधी रडून पाहिलं, मग अबोला धरून पाहिला, शेवटी म्हणाली, नुसता लोळत पडू नकोस, आमच्याबरोबर कामावर ओझी उचलायला ये आणि आपली वेबसाइट तरी नीट कर.

वेबसाइट ढेकणांची होती. म्हणजे ढेकूण मारण्याची. आई आणि मामा मिळून हा धंदा करायचे, तोही औषध न फवारता. खोलीच्या सगळ्या फटी चिकटपट्टीने बंद करायच्या, गरम हवेची यंत्रं लावायची आणि खोली इतकी तापवायची की गादीच्या शिवणीत दडून बसलेला ढेकूणही अंड्यांसकट गारद. काम चोख. अडचण एकच. आपल्या घरात ढेकूण झालेत हे कुणालाही कबूल करायचं नसतं. दारात ढेकूणवाल्यांची गाडी उभी राहिली की अख्खी गल्ली खिडकीत येते.

म्हणून आईने फार पूर्वी एक युक्ती काढली होती. दोघंही कामाला जायचे ते रंगाऱ्यांच्या वेशात. डाग पडलेले कपडे, डोक्याला फडकं, गाडीवर पिवळीधमक शिडी. यंत्रं रंगाच्या पिंपांत लपवून आत न्यायची. शेजारी विचारायचे, "रंगकाम काढलं वाटतं?" घरातले म्हणायचे, "हो, जरा." आणि खोटं अगदीच उघडं पडू नये म्हणून निघताना मामा बाहेरच्या दाराची चौकट खरोखरच रंगवून द्यायचा, फुकट. मामाचा हात चांगला. चौकट अशी चकाकायची की भिंतींकडे कुणाची नजरच जायची नाही.

वेबसाइटवर 'ग्राहकांचे अभिप्राय' असं लिहून त्याखाली जे काही होतं, ते सगळं मामाने लिहिलेलं. 'अप्रतिम सेवा!!! एकदम समाधानी!!!' सही, एक समाधानी ग्राहक. त्याच्या खाली 'फारच छान सेवा!!!' सही, आणखी एक समाधानी ग्राहक.

"मामा, हे तूच लिहिलंयस ना?" काडीने विचारलं होतं.

"कशावरून?"

"उद्गारचिन्हांवरून. दूध आण म्हणून मला मेसेज करतोस, त्यातही एवढीच असतात."

"अरे, पण लोक समाधानी होतेच ना? मी फक्त त्यांच्या वतीने लिहिलं."

शाळेतलं काडीच्या डोक्यात राहायचं नाही, पण माणूस काय करतो ते त्याच्या नजरेतून सुटायचं नाही. एकदा मामा फोनवर इस्त्री शोधत बसला होता. काडी मागे उभा राहून बघत होता. मामा कौतुकाचं एकही वाक्य वाचत नव्हता. तारे, बदाम, वा वा, सगळं सोडून तो सरसर खाली जात होता आणि कुरकुर करणाऱ्यांपाशी थांबत होता. एका बाईने लिहिलं होतं, वायर आखूड निघाली म्हणून आधी फार चिडले होते, पण कापड चिकटत नाही, शेवटी जुनी इस्त्री नणंदेला देऊन टाकली. मामाने तीच इस्त्री घेतली.

"हीच का?"

"त्या बाईवर विश्वास बसला."

"का पण?"

"काय माहीत. नणंदेला दिली म्हणाली ना."

काडीला ते झटकन पटलं. अप्रतिम कोणीही म्हणतं. नणंदेची इस्त्री कोण कशाला रचून सांगेल? आणि आधी चिडले होते असं म्हणणारा माणूस नंतर खूश झालो म्हणाला तर तो खराच खूश झाला असणार.

म्हणून त्याने मामाचे सगळे समाधानी ग्राहक एका झटक्यात पुसून टाकले आणि खऱ्या ग्राहकांच्या दारी निघाला. आमची सेवा कशी वाटली, असं विचारायचंच नाही, हे त्याने ठरवलं होतं. विचारायचं ते एवढंच, की आम्हाला बोलवायच्या आधी तुम्हाला भीती कसली वाटत होती?

पण उत्तर कोण देतंय! "ढेकूण? आमच्याकडे? भलतंच काय बोलतोस," एक काकू म्हणाल्या. "आमच्याकडे रंगकाम झालं होतं." आणि त्यांनी काडीलाच दाराची चौकट दाखवली. त्या दिवशी पलंग उचलायला हाच काडी होता, हे त्यांना चांगलं आठवत होतं. तरी डोळ्याला डोळा भिडवून चौकट दाखवत होत्या. हसावं की चिडावं ते काडीला कळेना, मग सवयीप्रमाणे तो चिडला.

बोलल्या त्या फक्त मावशी. सख्ख्या मावशी नव्हेत, खोल्यावाल्या मावशी. त्यांचं बैठं घर होतं, पुढे लांब व्हरांडा आणि व्हरांड्यात ओळीने खोल्या, सगळ्या भाड्याने दिलेल्या. मावशी बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. काडीने त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं आणि जसंच्या तसं उतरवलं. 'हो' आणि 'बाई' सुद्धा गाळलं नाही.

"नाव तेवढं घालू नकोस हं," मावशी म्हणाल्या होत्या. "बाकी काय घालायचं ते घाल. झकास काम केलंत तुम्ही."

अभिप्राय असा झाला:

'ढेकणांची नाही हो, मला लोकांची भीती वाटत होती. पण ही माणसं रंगाऱ्यांच्या कपड्यांत आली, पिवळी शिडी, रंगाची पिंपं, सगळा सरंजाम. पिंपात रंगाचा थेंब नाही! माझ्या भाडेकरूंनाही वाटलं, बाई भिंती रंगवतायत. एकाने तर विचारलं, रंगाचा वास कसा येत नाही? मी म्हटलं, नवीन निघालाय, वास न येणारा. त्यांना पटलं. आता शांत झोप लागते, त्यांनाही आणि मलाही. — एक घरमालकीण'

हा मजकूर काडीने 'फोन करा' या बटणाच्या बरोबर वर ठेवला. माणसाचं बोट तिथेच येऊन घुटमळतं. लाज वाटते, फोन ठेवावासा वाटतो. त्याच जागी कोणीतरी म्हणायला हवं, मलाही वाटली होती.

आणि मग फोन सुरू झाले. सकाळ म्हणू नका, दुपार म्हणू नका. सगळे दबक्या आवाजात एकच सांगायचे, "ते वास न येणाऱ्या रंगाचं वाचलं." मामा नाचायचा बाकी होता. काडीही. शाळा सोडल्यापासून पहिल्यांदा आईने त्याच्या ताटात स्वतःहून जास्त वाढलं.

पण जे नवीन लोक वाचत होते, तेच जुने लोकही वाचत होते. आणि त्यांचे शेजारी. पिवळी शिडी म्हटल्यावर ज्याला त्याला कुठलं ना कुठलं दार आठवायला लागलं. ज्या काकूंनी चौकट दाखवली होती त्यांच्या शेजारणीने त्यांना विचारलं, "तुमच्याही रंगाला वास नव्हता ना?" एका खऱ्या रंगाऱ्याचाही फोन आला. "माझी शिडीही पिवळीच आहे हो! लोक मला जिना चढू देत नाहीयेत!"

"तू रंगारी आहेस ना?" मामा त्याला म्हणाला. "मग रंगव की शिडी."

आणि आज मावशींचा फोन. मावशी रडत नव्हत्या, तेच वाईट होतं. आईला एवढंच म्हणाल्या, की भाडेकरू घड्याळजी सामान बांधतायत, आणि ते गेले की एकेक करून सगळे जातील, आणि या खोल्यांवरच माझं सगळं चालतं. त्या पोराला पाठव. त्यानेच लिहिलंय, त्यानेच येऊन निस्तरावं.

"ती ओळ काढ आधी," आई आता म्हणाली.

"काढू नकोस," मामा म्हणाला.

"पासवर्ड माझ्याकडे आहे," काडी म्हणाला आणि चप्पल पायात सरकवून निघाला. काढायची की नाही हे त्यालाही माहीत नव्हतं. वाटेत त्याने दोनदा काढायची असं ठरवलं आणि दोनदा ठेवायची असं. खरं बोललेलं छापलं. तेही विचारून. मावशी खोटं बोलल्या होत्या, पण तेही त्यांनी खरं खरं सांगितलं होतं. मग यात खोटं कोण? त्याच्या डोक्याचा पार गुंता झाला.

व्हरांड्यात एक ट्रंक उभी होती. शेजारी दोरीने आवळलेली वळकटी, आणि तिच्यावर इवल्या इवल्या खणांची लाकडी पेटी. घड्याळजी घड्याळं दुरुस्त करायचे. बारीक, टापटीप माणूस, भिंग कपाळावर तसंच राहिलेलं. मावशी दाराशी स्टुलावर बसल्या होत्या. पलीकडच्या खोलीतली नर्स ड्यूटीच्या कपड्यांत, खांद्याला पिशवी लावून निघायच्या बेतात होती, पण निघत नव्हती.

"हाच का तो लेखक?" घड्याळजी म्हणाले.

"मी लिहिलं नाही. मी उतरवलं," काडी म्हणाला.

"वा. मग उतरवताना जरा हात थांबला नाही तुझा?"

"तुमचं नाव नाहीये त्यात."

"मला माझं नाव माहीत आहे, बाळा. वासाचं कोणी विचारलं होतं? मी विचारलं होतं." त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "दुकानात एक जण पट्टा बदलायला आला. मला म्हणतो, ऐका एक गंमत. आणि फोनवरून वाचून दाखवतो. मी हसलो. खो खो हसलो रे. हसून झाल्यावर कळलं की तो बावळट मीच."

काडी भांडायची तयारी करून आला होता. त्याने चप्पल काढून भिंतीशी नीट लावून ठेवली.

"माझं ऐका," मावशी म्हणाल्या. "खोटं बोलले मी, कबूल. पण ढेकूण तर खोटे मेले नाहीत ना?"

"तेच विचारायचंय मला," नर्स म्हणाली आणि काडीकडे वळली. "मेले ना नक्की?"

"मेले."

"सगळे?"

"त्यानंतर काही चावलं का तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. मी तर ते वाचून उलट निर्धास्त झाले. आधी वाटायचं, आपल्यालाच कसली तरी खाज होती आणि आपोआप गेली."

"तुम्ही व्हा निर्धास्त," घड्याळजी म्हणाले. "जो माणूस ढेकूण लपवतो तो उद्या काहीही लपवेल. मी चाललो."

"मी आत्ताच्या आत्ता काढतो ते," काडी म्हणाला आणि त्याने फोन बाहेर काढला.

"काढ बाबा, काढ," मावशी म्हणाल्या.

"अरे, काढू नकोस हं," नर्स म्हणाली. "काढलंस तर लोक म्हणतील, ढेकूण परत आले."

"काढ नाहीतर ठेव, माझ्या डोक्यातून थोडंच पुसलं जाणार आहे?" घड्याळजी म्हणाले.

काडीचं बोट पडद्यावर तसंच लटकत राहिलं. घरी दोन मतं होती, इथे तीन झाली. त्याला कुणावर तरी जोरात ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडण्यासारखं एकही माणूस समोर नव्हतं.

"पण जाताय तरी कुठे तुम्ही?" नर्सने घड्याळजींना विचारलं.

"कोपऱ्यावरचं दुमजली घर. वरची खोली. बोलून आलोय मी." त्यांनी दोरीची गाठ आणखी आवळली. "तिकडची माणसं बघा. लपवाछपवी नाही, काही नाही. स्वच्छ, लख्ख घर. नुकतंच रंगकाम करून घेतलंय त्यांनी. दाराची चौकट बघा नुसती जाऊन. तोंड दिसतं तिच्यात."

काडीने झटकन वर पाहिलं.

ती चौकट रंगवताना डबा धरून तोच उभा होता. वरच्या खोलीतला पलंग उलटा केला तेव्हा जे दिसलं होतं, ते आठवून आताही त्याच्या पोटऱ्यांना खाज सुटली. मावशींकडे त्याच्या निम्मेही ढेकूण नव्हते.

एक वाक्य. एकच वाक्य बोलायचं, आणि घड्याळजी जागच्या जागी थांबले असते. मावशींचं घर वाचलं असतं. जीभ दातांपर्यंत आली होती. पण एका घरातलं दुसऱ्या घरी बोलायचं नाही, हे आईने त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. वेबसाइटवर त्याने नाव घातलं नव्हतं, पत्ता घातला नव्हता, तरी सगळे म्हणत होते तू बोललास. आता तो नाव घेऊन, पत्ता घेऊन बोलणार होता, तर त्याला काय म्हणाले असते? आणि नाही बोलला तर मावशी बुडणार, त्याच्यामुळे. बरोबर कुठलं? त्याने ओठ मिटून घेतले. घट्ट मिटले. आणि नेमकं तेव्हाच, तोंड दिसतं तिच्यात हे आठवून त्याच्या नाकातून एक फुर्र आवाज निघून गेला.

"हसायला काय झालं?" घड्याळजींनी विचारलं.

"काही नाही."

"हसलास तू."

"ठसका लागला."

"नाकातून?"

काडीचे कान तापले. तो जमिनीकडे बघायला लागला. नर्स मात्र त्याच्याकडे बघत होती, रुग्ण दुखत नाही म्हणतो तेव्हा बघतात तसं. मग तिने मावशींच्या दाराकडे पाहिलं. पुढे झाली आणि चौकटीवरून बोट फिरवलं.

"मावशी, ही कधी रंगवली?"

"ही? त्याच दिवशी. याच्या मामाने जाता जाता रंगवून दिली. फुकट देतात म्हणे, प्रत्येक..." मावशींचा हात तोंडाशी गेला.

नर्सने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

घड्याळजींनी कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढलं. केसाएवढ्या चाकांत रात्रंदिवस डोकं घालणारा माणूस तो. वाकून त्यांनी चौकट पाहिली, वरपासून खालपर्यंत, आणि कोपऱ्यात मामाचा ब्रश जिथे हलकेच वळून थांबतो तिथे बराच वेळ पाहिली. मग सरळ झाले. ट्रंकेकडे बघितलं. वळकटीकडे बघितलं. लाकडी पेटी उचलून त्यांनी आपल्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत ठेवली, आणि ट्रंक पायाने थोडी आत ढकलली. थोडीच. अर्धी आत, अर्धी बाहेर.

"मी काही बोललो नाही," काडी घाईघाईने म्हणाला. "तुम्ही सगळे साक्षीदार आहात. मी एक शब्द बोललो नाही."

"नाहीच बोललास," नर्स म्हणाली. "कुणी म्हटलं बोललास म्हणून?"

म्हणजे बोललो की नाही? काडीला काही कळेना. मावशी त्याच्याकडे बघून हसत होत्या की रडत होत्या, तेही कळेना. हातातल्या फोनचा पडदा आपोआप काळा झाला होता. ती ओळ त्यात तशीच होती, बटणाच्या वर. खिशात टाकायच्या आधीच तो वाजायला लागला. आई.

घड्याळजींनी दोरीची एक गाठ सोडली. दुसरीवर हात ठेवून ते थांबले.

"इकडे बघ, बाळा," ते म्हणाले. आवाज एकदम मऊ. "मी दुसरं काही विचारत नाही. कुणाचं नाव नको, काही नको. तिकडच्या त्या रंगाऱ्यांची शिडी कुठल्या रंगाची होती, तेवढं सांग."

"मला निघायला हवं आता," काडी म्हणाला.